साळवी सरांची सव्वीस लेक्चर्स

नर्सिंग स्कूलच्या ट्यूटर्स रूममध्ये किस्से कसे साचतात, ते तिथे काम केल्याशिवाय कळायचं नाही. रजिस्टरं दर पाच वर्षांनी रद्दीत जातात, किस्से मात्र कुणी टाकत नाही. जुन्या बॅचची एखादी मुलगी कुठल्याशा लग्नात भेटते, पंगतीत शेजारी येऊन बसते आणि पहिला घास घ्यायच्या आधीच विचारते, "मॅडम, ते मुश्ताकभाईंचं फुप्फुस आठवतं?" झालं! मग आमटी निवते, वाढपी दोनदा येऊन जातो आणि पलीकडे बसलेल्या बाईंना वाटतं, कुणी मुश्ताकभाई अत्यवस्थ आहेत.

म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं.

मी रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला जोडलेल्या नर्सिंग स्कूलमध्ये ट्यूटर होते. माझा विषय म्हणजे बेड करणं, स्पंज देणं, ताप मोजणं. अ‍ॅनाटॉमी आणि फिजिऑलॉजी, म्हणजे शरीर कसं असतं आणि कसं चालतं, हे शिकवायचे डॉक्टर साळवी. गावातले जुने सर्जन. अर्ध्या रत्नागिरीची पोटं त्यांनी उघडून बघितलेली होती, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालायच्या भानगडीत कुणी पडत नसे. स्कूलमध्ये शिकवायला मात्र हौसेने यायचे, आठवड्यातून पाच दिवस, ओपीडी संपली की सरळ वर्गात.

दोन हजार सात-आठची गोष्ट. काही महिने सरांचा आवाज बसलेला होता. मुलींना वाटलं, सर्दी. मलाही तसंच वाटलं, आणि मी म्हणे नर्स!

एक दिवस ते वर्गात आले, खडू हातात घेतला, पण फळ्याकडे वळले नाहीत.

"मुलींनो, एक बातमी आहे," ते म्हणाले. "माझ्या घशात एक पाहुणा आलाय. तो एकटा जायचा नाही, माझा आवाज घेऊन जाणार. पाच आठवड्यांनी पुण्याला ऑपरेशन आहे. त्यानंतर मला बोलता येणार नाही. आणि आपला अभ्यासक्रम उरलाय सव्वीस लेक्चर्सचा."

पहिल्या बाकावर आंजर्ल्याची सायली बसायची, ती एकदम मुसमुसायला लागली. सरांनी तिच्याकडे चष्म्यावरून बघितलं.

"रडतेस काय गो? सव्वीस जास्त वाटतात?"

*

आता हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. वर्गात तेवीस मुली, बहुतेक मराठी शाळेतल्या. पुस्तक इंग्रजी आणि उशीइतकं जाड. परीक्षा चार महिन्यांवर. अ‍ॅनाटॉमीत गेली की वर्ष गेलं, आणि यातल्या निम्म्या मुलींना घरचे दुसरं वर्ष देणार नव्हते, स्थळ बघून मोकळे झाले असते. दुसरा शिक्षक आम्ही शोधला नाही असं नाही. एक डॉक्टर आले, दोनदा आले, आणि "पुढचं तुमचं तुम्ही वाचून काढा" असं सांगून जे गेले ते गेले.

सरांची मुलगी अनघा पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती. ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी सर आणि त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या काकू, तिच्याकडेच राहायला गेले. तिसऱ्या दिवशी तिचा मला फोन. "शिर्के मॅडम, बाबांनी हॉलमधला सोफा हलवलाय, भिंतीला फळा टांगलाय आणि आमच्या हँडीकॅमसमोर उभे आहेत. मी सीडी पाठवते."

पहिली सीडी एस.टी.च्या पार्सलने आली. मी स्टँडवर जाऊन सही करून घेतली, वर्गात आणली, सगळ्या मुलींसमोर लिफाफा फोडला. आत सीडीचे तीन तुकडे! आंबा घाटाने कुणाचं काय ठेवलंय?

अनघाला फोन केला. तिने मागे वळून सरांना सांगितलेलं मला फोनवर ऐकू आलं. आणि मग सरांचा तो घोगरा आवाज.

"हाडांचंच लेक्चर होतं ना? मग बरोबर आहे. फ्रॅक्चर कसं दिसतं ते दाखवा, पुढचं मी इंटरनेटवरून पाठवतो."

*

इंटरनेट! आमच्या स्कूलमध्ये तेव्हा फोनसुद्धा कुलूप लावलेल्या पेटीत असायचा.

अनघाने लेक्चर्स एका वेबसाइटवर चढवायची सोय केली. एकेका लेक्चरचे चार-चार तुकडे. ते खाली उतरवायचे कुठे? तर मुश्ताकभाईंच्या सायबर कॅफेत. मुश्ताकभाई बारा वर्षं कुवेतला होते, परत येऊन त्यांनी बाजारात पाच कॉम्प्युटरांचं दुकान टाकलेलं. मी त्यांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "साळवी डॉक्टरांचं हाय ना? मग बोलूच नका. माझ्या अब्बांचं अपेंडिक्स त्यांनीच काढलंनी."

सकाळी लाईन मोकळी असते म्हणून ते पहाटेची नमाज झाली की थेट दुकान उघडायचे आणि डाऊनलोड लावून ठेवायचे. तरी एका तुकड्याला पाऊण तास. नऊ वाजले की गिऱ्हाइकं यायला लागत. मस्कतला नवरा असलेल्या बायका, जहाजावरच्या नोकरीचे अर्ज भरणारी मुलं, बोटीच्या इंजिनाचे पार्ट शोधणारे मिरकरवाड्याचे ट्रॉलरवाले. आणि सगळ्यांना मुश्ताकभाईंचा एकच हुकूम, "फोटो-बिटो कुणी उघडायचे नाय! डॉक्टरसाहेबांचं फुप्फुस उतरतंय!"

गंमत म्हणजे कुणी कुरकुर करायचं नाही. उलट चौकशी करायचे. मी पेन ड्राइव्ह घेऊन दारात उभी राहिले की आतून कुणीतरी अनोळखी माणूस मान वळवून मला सांगायचा, "बाई, डावं आलंय पुरतं. उजवं अर्ध्यावर अडकलंय."

तो पेन ड्राइव्ह हरवू नये म्हणून मी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालायची. आमच्या यजमानांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "हे दुसरं कुणाच्या नावाचं?"

*

हॉस्पिटलच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर आम्ही वर्गात आणून टीव्हीला जोडला. पहिलं लेक्चर लागलं. सर दिसले, मुलींनी टाळ्या वाजवल्या. दहा मिनिटं झक्क चाललं. सरांनी विचारलं, "तर मग सांगा, हाडांच्या आत रक्त तयार होतं ते कुठे?"

आणि सर थांबले. ओठ मिटलेले, नजर समोर, हात कमरेवर. पाच सेकंद झाले, दहा झाले.

"हँग झालं," मी म्हटलं. कॉम्प्युटर बंद केला, परत लावला. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा सर पुतळा! मी टीव्हीला एक चापट मारली. कॉम्प्युटरला दोन मारल्या. तिसऱ्यांदाही तेच झाल्यावर मी मुश्ताकभाईंना बोलावणं धाडलं. ते दुकान सोडून आले, वायरी हलवून बघितल्या, चौथ्यांदा लेक्चर लावलं आणि सर थांबल्यावर म्हणाले, "मॅडम, काय बिघडलेलं नाय. डॉक्टरांचे डोळे मिटतायत-उघडतायत, बघा की!"

आम्ही बघितलं. खरंच मिटत होते.

सर टीव्हीत उभे, आम्ही वर्गात उभे. बऱ्याच वेळाने सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर. अस्थिमज्जा. पुढे."

अहो, ते उत्तराची वाट बघत होते! पुण्याच्या रिकाम्या हॉलमध्ये, सोफ्याला प्रश्न विचारून, तेवीस मुलींना आठवायला लागेल तेवढा वेळ देत होते! अनघाने नंतर सांगितलं की तिने तेवढा भाग कापून टाकू का विचारलं होतं, तर तिला ऐकवलंनी, "मुलींचा विचार करायचा वेळ आहे तो. तुझा नाही."

दुसऱ्या दिवसापासून मुली टीव्हीला मोठ्याने उत्तरं द्यायला लागल्या. बाहेरून जाणाऱ्या पेशंटना वाटायचं, वर्गात क्रिकेटची मॅच चालली आहे.

*

पाठीच्या कण्याचं लेक्चर. स्कूलचा सांगाडा रत्नागिरीत, सर पुण्यात. मणके दाखवायचे कशाने? सरांनी टेबलाखालून एक बशी काढली. बशीत माशाचा मधला काटा, स्वच्छ धुतलेला.

"हा सुरमईचा कणा," सर म्हणाले. "प्रत्येक मणक्यातून वर निघालेला हा काटा बघा. आपल्याही मणक्याला असाच असतो, फक्त आपल्याला कुणी खात नाही."

मागून काकूंचा आवाज, "अहो, निदान कालवणाला उकळी तरी येऊ द्यायची होतीत!"

मुली हसून लोळल्या. एकटी रुक्साना हसली नाही. रुक्साना मिरकरवाड्याची, बंदरावरच्या लिलावात लहानाची मोठी झालेली. ती उठून टीव्हीपाशी गेली, काट्याला नाक लावून बघितलं आणि कमरेवर हात ठेवून वळली.

"मॅडम, हा सुरमईचा नाय! कुप्याचा काटा हाय हा, स्वस्तातल्या माशाचा. सरांना पुण्यात फसवलंनी!"

तिला राहवेना. मुश्ताकभाईंच्या दुकानातून तिने अनघाला मेल टाकला. आयुष्यातला पहिला मेल, विषय: मासा.

तिसऱ्या दिवशी नवीन लेक्चर उतरलं. सर फळ्यापुढे उभे, चेहरा गंभीर. "सुरुवातीला एक दुरुस्ती. परवा दाखवलेला कणा कुप्याचा होता. मिरकरवाड्याचा अहवाल मिळाला. मासेवाल्याला मी जाब विचारला. तो म्हणतो, साहेब, तुम्हाला कसं कळलं? मी त्याला सांगितलं, माझी एक विद्यार्थिनी आहे."

रुक्सानाने त्या दिवशी जेवण केलं नाही. पोट भरलेलं होतं तिचं.

*

सगळ्यांनाच हे पटलं होतं असं नाही. जयगडहून एका मुलीचे वडील तणतणत आले. जयश्रीचे वडील, जहाजावरचे जुने खलाशी. उंच, काळेशार, दारातूनच बोलायला सुरुवात.

"बाई, पोर आमी हितं शिकायला घातली, टीवी बघायला नाय! टीवी आमच्या घरी पन हाय. शिकवायला मानूस नसंल तर तसं सांगा, मी आजच तिला घेऊन जातो."

त्यांच्या हातात परतीच्या गाडीची वेळ लिहिलेली चिठ्ठी होती, दोन माणसांसाठी चौकशी केलेली. जयश्री कोपऱ्यात उभी, ओढणीचं टोक चावत. मी म्हटलं, "न्या. पण एक तास बसा आणि मग न्या."

पोटाच्या स्नायूंचं लेक्चर होतं. गृहस्थ हाताची घडी घालून बसले. टीव्ही लागला, सर आले, "काय मुलींनो, जेवलात?" म्हणाले.

गृहस्थांची घडी सुटली. "आयला! हे तर माझ्या हर्नियाचे डॉक्टर!"

पुढचा तासभर त्यांनी पापणी हलवली नाही. हर्निया म्हणजे काय, आतडं कुठून सटकतं, टाका कुठे घालतात, सगळं ऐकून घेतलं. मधेच दोन-तीनदा स्वतःचं पोट चाचपून बघितलं. सरांनी प्रश्न विचारला आणि मुली कोरसमध्ये ओरडल्या, तेव्हा दचकले, पण पुढच्या प्रश्नाला त्यांचेही ओठ हललेले मी बघितले. लेक्चर संपलं. ते उठून टीव्हीपाशी गेले आणि आवाज चढवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, टाके अगदी बेस हायत हां! काळजी करू नका!"

मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "त्यांना ऐकू जातं न्हवं?"

जयश्री राहिली. गृहस्थ एकटेच जयगडच्या गाडीत बसले.

*

तेव्हा लोडशेडिंग होतं. वेळापत्रक असायचं, पण ते वीज मंडळापेक्षा आम्हीच जास्त मनावर घ्यायचो. हृदयाचं लेक्चर ऐन रंगात आलेलं. "अशुद्ध रक्त उजव्या कप्प्यात आलं, खालच्या कप्प्यात उतरलं, आता ते तिथून निघून..." आणि लाईट गेले. तीन तासांची निश्चिंती.

"हृदय बंद पडलं!" कुणीतरी अंधुक वर्गात ओरडलं.

मी वही मिटायला सांगणार, तेवढ्यात सायली उठली. तीच ती, पहिल्या दिवशी मुसमुसणारी. आदल्या दिवशी पेन ड्राइव्ह आणायला मी तिला पाठवलं होतं, आणि उतरलेला तुकडा नीट आहे ना बघते म्हणून तिने तो मुश्ताकभाईंकडे दोनदा बघितला होता. ती फळ्यापाशी गेली, कमरेवर हात ठेवला आणि म्हणाली, "...तिथून निघून फुप्फुसाकडे जाणार. का जाणार?"

आणि थांबली. तशीच, सरांसारखी, पुरती वाट बघत! मुलींनी उत्तर दिलं. मग तिने सगळं हृदय शिकवलं, झडपांसकट, ठोक्यांसकट.

लाईट आल्यावर मी मुद्दाम ते लेक्चर पुन्हा लावलं. सायलीचं काही सुटलं असेल तर सांगावं म्हणून. शब्दाला शब्द जुळत होता. फक्त एक गोष्ट तिने गाळली होती. झडपांबद्दल बोलताना सरांना खोकल्याची मोठी उबळ येते, काकू फुलपात्र घेऊन येतात, सर पाणी पितात आणि "हं, कुठे होतो?" म्हणतात.

सायलीला मी विचारलं, हे का वगळलंस?

"ते परीक्षेला नाय ना मॅडम," ती म्हणाली आणि तोंड धुवायला निघून गेली.

*

खोकला वाढत चालला होता, हे आम्हाला लेक्चर नंबरावरून कळायचं. दहाव्यापर्यंत आवाज घोगरा, पंधराव्याला खरखरीत. अनघाचा मेल आला. "डॉक्टरांनी बाबांना बोलणं कमी करायला सांगितलंय. ते दिवसाला दोन लेक्चर्स घेतात. माझं ऐकत नाहीत, तुम्ही सांगून बघा."

मी स्कूलच्या पेटीतला फोन उघडून घेतला. म्हटलं, "सर, राहू दे आता. उरलेलं मी पुस्तकातून करून घेईन."

"शिर्के सिस्टर," सर म्हणाले, "आवाज काही बरणीत घालून ठेवता येत नाही. आहे तोवर वापरतो. आणि तुम्ही पुस्तकातून करून घेणार? मुलींनी तुमचं काय वाकडं केलंय?"

मी हसले. फोन ठेवून पेटीला कुलूप लावलं आणि तिथेच स्टुलावर बसून रडले. लपवण्यासारखं काय आहे त्यात?

अठरावं लेक्चर घशाचं. मी ते आधी एकटीने बघितलं होतं, वर्गात लावायला हात धजत नव्हता. सरांनी फळ्यावर स्वरयंत्र काढलेलं, नेहमीसारखं रेखीव. "हे स्वरयंत्र. इथे दोन पट्ट्या. त्या थरथरतात म्हणून आपण बोलतो. हे काढून टाकलं तर काय होतं? माणूस मरत नाही. गळ्याला पुढून भोक पाडतात, तिथून श्वास घेतो. जेवतो, चालतो, ऑपरेशनही करू शकतो. फक्त बायकोला उलट उत्तर देऊ शकत नाही."

थोडं थांबून म्हणाले, "तसं आमच्याकडे ते आधीही कुणी देत नव्हतं."

काकूंचं हसू ऐकू येतं तिथे. ते हसू लांबत जातं आणि मग दार लावल्याचा आवाज येतो. सर दाराकडे बघतात, खडू बदलतात आणि म्हणतात, "अशा पेशंटची नर्सिंग केअर लिहून घ्या. सहा मुद्दे."

मुलींनी सहा मुद्दे लिहून घेतले. त्या दिवशी सकाळीच पुण्याला सरांचं ऑपरेशन झालं होतं. मुलींना ते माहीत होतं.

*

सव्विसावं लेक्चर त्यांनी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी घेतलं होतं, आमच्या वर्गात ते लागलं दोन आठवड्यांनी. विषय त्वचा. आवाज असा उरलाच नव्हता, नुसती कुजबुज. टीव्हीचा आवाज पुरा वाढवला तरी ऐकू येईना. मग रुक्सानाने उठून पंखा बंद केला. एप्रिल महिना, रत्नागिरी, आणि पंखा बंद! पलीकडच्या वॉर्डातल्या सिस्टरने खिडकीतून डोकावून विचारलं, "काय गो, वेडबिड लागलं काय?" जयश्रीने तिच्या तोंडावर खिडकी लावून घेतली.

तेवीस मुली टीव्हीला खेटून जमिनीवर बसल्या. घामाने वह्या चिकटत होत्या. सर कुजबुजत होते, घाम का येतो, अंग थंड कसं होतं. एक शब्द कुणी सोडला नाही.

शेवटी सरांनी फळा पुसला. मला वाटलं, आता काही निरोपाचं बोलतील. मी पदर हातात धरून तयारच होते.

"संपलं," सर म्हणाले. "अक्षर नीट काढा. तपासणारा माणूस असतो."

निकाल लागला. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीत तेवीसच्या तेवीस पास. एक मुलगी नापास झाली, ती माझ्या विषयात! जिला मी रोज समोर उभी राहून, माझ्या ठणठणीत आवाजात शिकवलं होतं. सरांना कळवलं तेव्हा त्यांनी अनघाकडून मेल लिहून घेतला, "शिर्के सिस्टरना कॅमेरा लागेल का विचार."

मी आजवर कुणाच्या थट्टेवर इतकी खूश झालेली नाही. त्या तेवीस मुलींपैकी कितीतरी आज मोठमोठ्या वॉर्डांच्या इनचार्ज आहेत. स्वतःच्या पायावर त्या उभ्या आहेत, पण त्या पायातलं एकेक हाड त्यांना सरांनी सांगितलंय. हे ऋण मानायला मला लाज वाटत नाही, उलट फार बरं वाटतं.

*

पुढच्या वर्षी नवी बॅच आली. शिक्षक अजून मिळाला नव्हता, पण आता कुणाला घाई नव्हती. टीव्ही होता, सव्वीस लेक्चर्स होती.

एका मंगळवारी दुपारी मी वर्गाच्या दारात उभी होते, मेंदूचं लेक्चर चालू होतं. मागून खांद्यावर कुणीतरी बोट टेकवलं. बघते तर सर! निम्मे झालेले. मिशा काढलेल्या, गळ्याभोवती पांढरा रुमाल. मी तोंड उघडणार, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मुलींकडे हात करून नाही-नाही अशी खूण केली. कुणाला सांगू नका. मग पावलं न वाजवता आत गेले आणि मागच्या बाकावर एका मुलीशेजारी बसले.

त्या मुलीने जरा सरकून जागा दिली. कुणाचे तरी आजोबा आले असतील असं तिला वाटलं असावं. तिचं सगळं लक्ष टीव्हीत होतं.

"झोपेतसुद्धा आपला श्वास चालू राहतो," टीव्हीतले सर म्हणाले. "तो चालू ठेवणारा मेंदूचा भाग कोणता?"

मुली थांबल्या, आठवलं आणि ओरडल्या, "मेड्युला!"

टीव्हीतल्या सरांचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्यांनी चष्मा खाली घेतला आणि थेट मागच्या भिंतीकडे बघितलं.

"सगळ्या बोलल्या. मागच्या बाकावर कोण गप्प बसलंय? उभं राहायचं!"

सर उभे राहिले.

शेजारच्या मुलीने चमकून वर बघितलं. या म्हाताऱ्या माणसाची चारचौघांत फजिती होतेय, एवढंच तिला कळलं. तिने वहीआड तोंड लपवलं आणि कुजबुजली, "आजोबा, मेड्युला म्हणा. मेड्युला!"

सरांनी तिच्याकडे बघून मान हलवली. मग समोर बघितलं, हात मागे बांधले आणि ओठ हलवले. सावकाश, तिन्ही अक्षरं.

टीव्हीतले सर वाट बघत होते.

"शाब्बास," ते म्हणाले. "बस खाली."

सर बसले.